सापडलेलं आपलं नव्हे



आज एका साध्या गोष्टीवर बोलायचं आहे. वाट चालताना कुणाचं काही पडलं आणि ते आपल्याला सापडलं, तर काय करायचं? तुम्ही म्हणाल, महाराज, यात सांगण्यासारखं काय आहे? ज्याचं त्याला द्यायचं. लहान पोरालाही कळतं. खरं आहे. पण कळणं वेगळं, आणि आजूबाजूला कोणी नसताना, पायाशी पडलेली पिशवी हातात आल्यावर ते आठवणं वेगळं. म्हणून थोडं बोलू.

वारी केलेल्यांना समाजआरती माहीत आहे. ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी संध्याकाळी तळावर येते. सगळ्या दिंड्या भोवती जमतात. टाळमृदंगाचा एकच गजर चाललेला असतो. मग चोपदार हातातला दंड उंच करतात आणि क्षणात सगळं शांत होतं. लाखाचा जमाव, पण कुणी खोकत नाही. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग तिचं म्हणणं ऐकून घेतात. आणि त्याच शांततेत हरवलं-सापडलं पुकारतात. कुणाचं घड्याळ सापडलं, कुणाची पिशवी हरवली, ओळख पटवून घेऊन जावं. हे झालं की मग आरती.

क्रम बघा माऊली. आधी ज्याचं त्याला, मग देवाची आरती. हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावून दिली. त्या शिस्तीत वाटेवर पडलेल्या गाठोड्यालाही जागा आहे. दुसऱ्याची वस्तू कमरेला बांधून ओवाळलेली आरती पोहोचेल का? नाही पोहोचणार. हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्यावरच आलेला प्रसंग आहे. आजवर कीर्तनात कधी सांगितला नाही, आज सांगतो.

बावीस वर्षांचा होतो. घरी बहिणीच्या लग्नाचं देणं झालेलं. सावकार दारात येऊन बसायचा. त्या वर्षी वारीत नातेपुत्याच्या अलीकडे दुपारच्या विसाव्याला पाणी प्यायला टँकरपाशी गेलो. चिखलात एक निळी कापडी पिशवी पडली होती. उघडून बघितली. आत नोटांची गुंडाळी, एक सोन्याचं डोरलं आणि घडी घातलेला कागद. मी आजूबाजूला बघितलं. माऊली, इथंच पाप सुरू झालं बरं का! ज्याला परत द्यायचं असतं तो हाक मारतो, "कुणाची पिशवी आहे का हो?" ज्याला ठेवायचं असतं तो आधी आजूबाजूला बघतो. मी बघितलं, आणि पिशवी कमरेला खोचली.

आणि मन किती हुशार! मन म्हणालं, अरे, पंढरीनाथानंच पाठवलं. तू देण्यात बुडालास, तू त्याची वारी करतोस, त्यानं तुझी सोय केली. म्हणजे चोरी मी केली आणि नाव विठ्ठलाचं लावलं. चार तास चाललो. मुखात अभंग होता, पण लक्ष कमरेला होतं.

संध्याकाळी समाजआरतीला उभा राहिलो. दंड वर झाला. सगळं शांत. आणि पुकारलं, एका माऊलीची निळी पिशवी हरवली आहे. माझ्या शेजारी आमच्या दिंडीतल्या एक म्हाताऱ्या आजी उभ्या होत्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या आपल्याशीच पुटपुटल्या, "सापडंल गं बाई तुझी. विठ्ठल एकीच्या पदरातलं काढून दुसऱ्याला देत नसतो."

माऊली, मी अनेक ग्रंथ वाचले, पण त्या एका वाक्यानं जे काम केलं ते कशानं झालं नाही. हात वर केला. ती बाई आली. विचारलं, काय काय होतं? म्हणाली, सुनेचं डोरलं, थोडे पैसे आणि मालकांच्या औषधाची चिठ्ठी. मी दिली. तिनं पैसे मोजलेसुद्धा नाहीत. खाली वाकली आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं. म्हणाली, "तुमच्या रूपानं देव भेटला." मी चार तास चोर होतो हे त्या माऊलीला कधीच कळलं नाही. पण मला कळलं होतं. सावकाराचं देणं पुढं तीन वर्षांत फिटलं. त्या नमस्काराचं देणं अजून फिटलं नाही.

आता संतांकडे वळू. पंढरपुरात राका कुंभार आणि त्यांची पत्नी बांका राहायचे. महिपतींच्या भक्तविजयात त्यांची कथा आहे. घरी अठराविश्वे दारिद्र्य. दोघं रानात लाकडं वेचायला जायची. देवानं परीक्षा बघायला वाटेवर सोनं टाकलं. राका पुढं होते. त्यांना सोनं दिसलं. वाटलं, मागून बांका येते आहे, तिचं मन ढळायला नको. म्हणून त्यांनी त्यावर माती लोटली. बांका आली आणि म्हणाली, काय झाकता? राकांनी खरं ते सांगितलं. बांका म्हणाली, तुम्हाला अजून सोनं आणि माती वेगळी दिसते होय? मातीवर माती कशाला लोटता?

ही कथा सांगितली की कुणीतरी विचारतंच, महाराज, मग आपणही पडलेलं सोनं तसंच टाकून पुढं जायचं का? नाही! तिथं सोनं देवानं टाकलं होतं. इथं ते कुणाच्या तरी गळ्यातून तुटलेलं आहे, कुणाच्या तरी गाठीतून सुटलेलं आहे. आपण हात न लावता पुढं गेलो, तर मागून येणारा राका असेलच असं नाही. म्हणून उचला. पण मन राका-बांकांचं ठेवून उचला. सोन्याला हात लावायचा नाही हे एक वेळ सोपं आहे. हातात घ्यायचं, सांभाळायचं आणि तरी आपलं म्हणायचं नाही, हे अवघड.

हे अवघड काम कुणी करून दाखवलं? भरतानं. आजोळाहून परत आला तर अयोध्येचं राज्य समोर. मागितलं नव्हतं, जिंकलं नव्हतं. आयतंच सापडलं म्हणा ना! भरत काय म्हणाला नाही, की हे मला नको, मी चाललो. राज्य उघड्यावर टाकलं असतं तर प्रजेचे हाल झाले असते. त्यानं रामाच्या पादुका आणल्या, सिंहासनावर ठेवल्या आणि स्वतः नंदिग्रामात राहून चौदा वर्षं राज्य सांभाळलं. कशासाठी? ज्याचं त्याला परत देण्यासाठी. याला म्हणतात ठेव. सापडलेली वस्तू म्हणजे तिच्या धन्यानं नकळत आपल्याकडे ठेवलेली ठेव.

आणि गंमत बघा, सरकारचा कायदाही हेच सांगतो. १८७२ चा भारतीय करार कायदा आहे, त्याचं कलम ७१. ज्यानं दुसऱ्याची हरवलेली वस्तू सापडली म्हणून ताब्यात घेतली, त्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्याइतकीच. दुसरा कायदा आहे भारतीय न्याय संहिता, १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३१४ प्रमाणे, परत देण्यासाठी वस्तू उचलणं हा गुन्हा नाही. पण धनी माहीत असताना, किंवा त्याचा रीतसर शोध न घेता, पुरेसा काळ न थांबता ती वापरून टाकली, तर तो गुन्हा. तुरुंगवास आहे. म्हणजे "मी चोरली नाही, मला सापडली" हे उत्तर देवापुढंही चालत नाही आणि कोर्टापुढंही चालत नाही.

काही जण म्हणतात, आता कलियुग आहे, कोण परत देतो? त्यांनी हे ऐकावं. २०१९ साली काही संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त पाकिटं, रस्त्यात सापडली असं सांगून, हॉटेलं, बँका, टपाल कचेऱ्या अशा ठिकाणच्या माणसांच्या हाती दिली. आपला भारतही त्यात होता. काही पाकिटांत पैसे, काहींत नाहीत. वाटेल, पैसेवाली पाकिटं गायब झाली असतील. झालं उलटं! ४० पैकी ३८ देशांत पैसे असलेल्या पाकिटांच्या मालकाशीच जास्त लोकांनी संपर्क साधला. बिनपैशाच्या पाकिटांसाठी शंभरात ४० जण, पैसेवाल्यांसाठी ५१. तीन देशांत आणखी मोठी रक्कम ठेवून पाहिली, तर ७२ पर्यंत गेले. का? एक तर दुसऱ्याची कळकळ. आणि दुसरं, स्वतःच्या नजरेत चोर ठरायचं नाही म्हणून. माझ्या आजी जे बोलल्या, तेच विद्वानांनी मोजून दाखवलं.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो, लक्षात ठेवा.

वस्तू सापडली की तिथंच आवाज द्या. एकट्यानं उघडू नका. दोघांसमोर उघडा, दोघांसमोर मोजा. वारीत असाल तर विणेकऱ्यांच्या किंवा दिंडीप्रमुखांच्या कानावर घाला. एसटीत सापडलं तर कंडक्टरकडे, रेल्वेत सापडलं तर स्टेशन मास्तरांकडे किंवा रेल्वे पोलिसांकडे द्या. वाटेत असेल तर जवळचं पोलीस ठाणं गाठा. मोबाईल सापडला तर बंद करू नका, वाजला की उचला. पलीकडून रडवेला आवाज येईल, त्याला आधी म्हणा, "घाबरू नका, फोन माझ्याकडे आहे."

पुकारताना सगळं सांगू नका. "पिशवी सापडली" एवढंच म्हणा. रंग कोणता, आत काय, हे येणाऱ्यानं सांगावं. पहिल्या रडणाऱ्याच्या हाती वस्तू दिली आणि तो धनी नसला, तर तुमची सचोटी दुसऱ्याच्या घरी गेली. खूण विचारण्यात अविश्वास नाही. ठेव सांभाळण्याचाच तो भाग आहे.

आणि ज्याचं हरवतं त्यालाही सांगतो. सगळे पैसे एकाच गाठीत बांधू नका. दागिने घरी ठेवून या, पांडुरंगाला तुमचं सोनं बघायचं नाही. पिशवीत कागदावर नाव, गाव, दिंडीचा क्रमांक आणि घरच्या माणसाचा फोन लिहून ठेवा. चंद्रभागेत स्नानाला उतरताना गाठोडं बाहेर एका माणसाजवळ ठेवा. प्रामाणिक माणसाला तुमच्यापर्यंत पोहोचायला वाट हवी ना!

शेवटची एक गोष्ट सांगून थांबतो. बऱ्याच वर्षांनी माझीच पिशवी वाटेवरच्या एका चहाच्या टपरीवर राहिली. चिपळ्या, वह्या, बिदागीचे पैसे. पंढरपुरात पोचल्यावर लक्षात आलं. आशा सोडली होती. परतीच्या वाटेवर त्याच टपरीपाशी थांबलो, तर टपरीवाल्या ताईंनी मला बघताच फळीवरून पिशवी काढली. वर धूळ बसू नये म्हणून फडकं गुंडाळलेलं. मी म्हटलं, ताई, इतके दिवस सांभाळलीत? त्या म्हणाल्या, "तुमची म्हणून सांभाळली. माझी असती तर कुठंबी पडली असती."

पैसे पुढं केले, त्यांनी घेतले नाहीत. चहाचे तेवढे घेतले, कारण ते त्यांचे होते.

माऊली, परमार्थ यापेक्षा फार मोठा नाही. आपलं तेवढं घ्यावं, दुसऱ्याचं त्याला पोचवावं आणि मोकळ्या कमरेनं आरतीला उभं राहावं. हा देहसुद्धा त्याचीच ठेव आहे. तोही एक दिवस ज्याचा त्याला द्यायचा आहे. पिशवीपासून सवय लावू या.

रामकृष्णहरी!