मलईचं सिरप : घरी कसं करायचं, विकायचं तर काय विकायचं?



प्रदर्शनात हल्ली कोल्ड कॉफीचे स्टॉल जोरात चालतात. त्यात घालायचं मलईदार सिरप आपण गटात करू शकतो का, असा प्रश्न अनेक जणी विचारतात. करता येतं. पण एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर माल नासेल आणि गटाचं नावही जाईल.

मूळ प्रकार आयर्लंडचा. तिकडे मलई आणि व्हिस्की एकत्र करून 1974 साली बेलीज नावाचं पेय बाजारात आलं. त्यात सुमारे 17 टक्के अल्कोहोल असतं. त्या अल्कोहोलमुळे आणि साखरेमुळे मलई बाटलीत महिनोन् महिने टिकते. आपण दारू वगळली की टिकवणारी मुख्य गोष्टच गेली. उरलं ते गोड दूध आणि साय, म्हणजे नाशवंत माल.

घरच्यासाठी कृती

- म्हशीचं ताजं दूध 1 लिटर
- साखर 250 ग्रॅम
- खायचा सोडा अगदी चिमूटभर
- कॉफी पावडर 2 चमचे, कोको 1 चमचा
- ताजी साय अर्धी वाटी, वेलची किंवा जायफळ

जाड बुडाच्या पातेल्यात दूध, साखर आणि सोडा घालून मंद आचेवर ढवळत निम्मं आटवा. कॉफी आंबट असते, तिच्यामुळे दूध फाटू शकतं. सोडा ते टाळायला मदत करतो. दूध आटत आलं की साय घोटून त्यात घाला आणि एक उकळी येऊ द्या. गॅस बंद करा. कॉफी-कोको थोड्या गरम पाण्यात कालवून मिसळा, वेलची घाला. रवीने घुसळून गाळून घ्या.

काचेची बाटली 10 मिनिटं पाण्यात उकळून पूर्ण कोरडी करा. सिरप भरून गार झालं की लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि 4-5 दिवसांत संपवा. लाईट बराच वेळ गेली असेल, वास आंबूस आला किंवा गुठळ्या दिसल्या, तर टाकून द्या. चव घेऊन बघू नका.

विक्रीसाठी काय करायचं?

मलईची बाटली भरून विकू नका. उन्हात, एसटीत, स्टॉलवर ती नासते, आणि गिऱ्हाईक आजारी पडलं तर जबाबदारी आपली. त्याऐवजी दुधाशिवाय साखरेच्या पाकाचं सिरप करा: 1 किलो साखरेला अर्धा लिटर पाणी. उकळून मळी काढा, कॉफी किंवा वेलची-केशर घाला, गाळून गरमच बाटलीत भरा. यात साखर 65 टक्क्यांच्या वर जाते. एवढ्या दाट पाकात जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही, म्हणून तो टिकतो. आपला मुरांबा टिकतो तो याच कारणाने. पाणी जास्त घालून माल वाढवायला गेलात, तर बुरशी आलीच म्हणून समजा.

स्टॉलवर ग्लासात 2 मोठे चमचे सिरप, थंड दूध आणि वरून साय घालून समोरच मिसळून द्या. मलईची चव मिळते, जोखीमही राहत नाही. दूध-साय मात्र बर्फाच्या पेटीतच ठेवा.

बाटली विकायच्या आधी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. लेबलवर घटक, वजन, केल्याची तारीख आणि गटाचा पत्ता लिहा. भाव ठरवताना साखर, गॅस, बाटली, लेबल यांच्यासोबत आपली मजुरीही धरा. ती बहुतेक वेळा आपणच विसरतो!