दहा लाखांची मोजदाद

स्वतःच्या रक्तातून स्वतःचे केस पुन्हा उगवून घ्या, अशा अर्थाच्या पाट्या पुण्यातल्या हमरस्त्यांवर आता जागोजाग दिसतात. जखमेतून वाहणारे रक्त थांबविण्यासाठी निसर्गाने ज्या सूक्ष्म कणांची योजना केली, त्यांच्याकडून मस्तकावरील केस जगविण्याचे काम करून घेता येते, ही कल्पनाच मुळी इतकी विलक्षण आहे की केवळ पाटी वाचून स्वस्थ बसणे मला शक्य झाले नाही. आणि एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंच्या अनुमतीने मी त्यांच्या दवाखान्यात, रुग्णांची हरकत नसेल त्या वेळी, जाऊन बसू लागलो.

उपचाराचा क्रम थोडक्यात सांगण्याजोगा आहे. कोपराच्या शिरेतून वीस मिलिलिटर रक्त काढावयाचे, ते गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेल्या नळ्यांत भरावयाचे, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वर आलेला पिवळा प्लाझ्मा वेगळा करावयाचा, तो पुन्हा फिरवावयाचा, आणि तळाशी दाट झालेला अंश डोक्याच्या त्वचेत टोचावयाचा. परंतु हे सारे ज्यांच्या हातून घडते त्या तंत्रज्ञ ताई आतल्या अरुंद खोलीत दिवसभर उभ्या असतात, त्यांचे नाव कोणत्याही पाटीवर नसते, आणि तेथे गेल्यावर माझे लक्ष मात्र पुनःपुन्हा त्यांच्याच हातांकडे जात राहिले.

यंत्रात नळ्या समोरासमोर आणि वजनाने तंतोतंत सारख्या ठेवाव्या लागतात. नळ्यांची संख्या विषम असली की ताई एका रिकाम्या नळीत पाणी भरतात, दोन्ही नळ्या तराजूवर ठेवून पाहतात, थेंबभर पाणी काढतात, पुन्हा पाहतात, आणि मगच झाकण लावतात. यंत्राला ब्रेक असतो, तो लावला म्हणजे चक्र लौकर थांबते. पण त्या हिसक्याने वेगळे झालेले थर पुन्हा एकमेकांत मिसळण्याची भीती असते, म्हणून बाहेर किती माणसे ताटकळली आहेत याची पर्वा न करता त्या ब्रेक बंद ठेवतात आणि चक्र आपल्या गतीने थांबू देतात. मग नळी खिडकीच्या उजेडात धरली जाते: तळाशी काळसर लाल रक्तपेशी, त्यांच्यावर पांढुरक्या पेशींची जेमतेम दिसणारी साय, आणि वर पिवळा, पारदर्शक प्लाझ्मा. सुईचे टोक त्या सायीपर्यंत न्यावयाचे आणि लाल थराच्या केसभर वर थांबवावयाचे, कारण तांबड्या पेशी आत ओढल्या गेल्या तर टोचल्यावर दाह वाढतो. एका गृहस्थांचा प्लाझ्मा गढूळ, दुधट निघाला. ताईंनी नळी त्यांनाच दाखवली. “दादा, रात्री लग्नाचं जेवण झालं का?” झाले होते, चरबी रक्तात तरंगत होती. त्यांना कसलीही आकारणी न करता दुसऱ्या दिवसाची वेळ देण्यात आली.

“दहा लाख झाले पाहिजेत,” हे ताईंचे वाक्य त्या खोलीत दिवसातून अनेकदा ऐकू येते. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये साधारणपणे दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत रक्तपट्टिका असतात. ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो आणि ज्यांचा आकडा डेंग्यूच्या साथीत घरोघर उच्चारला जातो, त्याच या. उपचारासाठी तयार केलेल्या द्रवात त्या दहा लाखांच्या आसपास असाव्यात, असा संकेत या क्षेत्रात रूढ आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र “चौपट दाट केले” एवढ्यावर भागवले जाते, आणि त्यातली उणीव ताईंनी मला नोंदवहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवली: ज्याच्या मूळ रक्तात अडीच लाख, त्याचे चौपट दहा लाख, ज्याच्या रक्तात दीड लाख, त्याचे चौपट सहाच लाख. पैसे दोघांचे सारखे, सुया दोघांना सारख्या, आणि औषध मात्र निराळे. म्हणून येथे उपचारापूर्वी मूळ रक्ताची आणि नंतर तयार द्रवाच्या एका थेंबाची मोजणी शेजारच्या प्रयोगशाळेतील यंत्रावर होते, आणि दोन्ही आकडे तारीखवार दप्तरी दाखल होतात. आकडा दहा लाखांच्या खाली राहिला तर तोही तसाच लिहिला जातो.

दुसऱ्या एका दवाखान्यातून काम शिकावयास आलेल्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, आरपीएम किती ठेवता?” ताईंनी उत्तर न देता तिच्या हाती मोजपट्टी दिली आणि रोटरच्या मध्यापासून नळीच्या तळापर्यंतचे अंतर मोजावयास सांगितले. फेऱ्यांची संख्या तीच असली तरी त्रिज्या वाढली की कणांवरील ओढ वाढते, आणि फेरे दुप्पट केले तर ती चौपट होते. तेव्हा एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्रावर जसाच्या तसा नेणे म्हणजे रक्तपट्टिकांची नासाडी करणे होय. हे सूत्र पाठ्यपुस्तकात आहेच. पण ते मोजपट्टीने शिकविणारी माणसे थोडी.

रक्तपट्टिकांचे स्वतंत्र अस्तित्व आणि रक्त थांबविण्यातील त्यांचे कार्य इटलीतील ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ साली स्पष्ट केले. रक्तपट्टिकांचा दाट द्रव शस्त्रक्रियेत वापरण्याच्या पद्धतीला मोठी चालना मिळाली ती १९९८ साली, मायामीचे मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स आणि त्यांचे सहकारी यांनी जबड्याच्या अस्थिरोपणातील अनुभव प्रसिद्ध केल्यावर. केसांकडे हा द्रव वळला तो पुढे. रक्तपट्टिका फुटल्या म्हणजे त्यांच्या कणिकांतून वृद्धिघटक बाहेर पडतात, नव्या केशवाहिन्यांना चालना देतात आणि केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींना वाढीची अवस्था लांबविण्याची सूचना देतात, अशी ही उपपत्ती आहे. आनुवंशिक टकलात केसांची मुळे एकाएकी मरत नाहीत. डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने ती वर्षानुवर्षे आक्रसत जातात आणि जाड केसाच्या जागी लव उगवू लागते. या आक्रसण्याच्या काळात हात दिला तर केस जाड होतात, असे अनेक लहान अभ्यासांत आढळले आहे. काहींत मात्र साध्या सलाइनपेक्षा वेगळे असे काही निष्पन्न झाले नाही. प्रत्येकाने द्रव निराळ्या रीतीने तयार केलेला, त्यामुळे त्यांची परस्परांशी तुलना करणेही कठीण जाते. ताईंच्या नोंदवहीची मातब्बरी मला वाटते ती नेमकी या ठिकाणी.

खुर्चीवरचा भाग अर्ध्या तासाचा. कपाळाच्या वरच्या कडेने भूल दिली जाते, आणि मग सेंटिमीटरभर अंतरावर एकेक थेंब. “दुखेल का ताई?” असे एका तरुणाने विचारले, तेव्हा ताई म्हणाल्या, “डोक्याची कातडी आहे, दादा. भूल दिली तरी थोडं लागणारच.” त्या तरुणाचे लग्न ठरावयाचे होते, फोटोत टोपी असल्यामुळे दोन ठिकाणांहून नकार आला, असे त्याच्या वडिलांनी मला कैफियत मांडावी तशा गांभीर्याने सांगितले. त्याच सकाळी मधल्या भांगातून विरळ होत चाललेले केस ओढणीखाली घेऊन एक शिक्षिका बसल्या होत्या. बाईच्या केसांशी आपल्या समाजाने तिची सारी प्रतिष्ठा बांधून ठेवली आणि वैधव्य येताच तेच केस बळाने उतरविले. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने एकत्र येऊन विधवांच्या डोक्यास वस्तरा न लावण्याचा निर्धार केला, तो याच जुलमाविरुद्ध. ज्या समाजात केसांचा अर्थ इतका खोल गेला आहे, तेथे केस गळण्याचे दुःख क्षुल्लक समजणे मला निर्दयपणाचे वाटते. आणि म्हणूनच त्या दुःखाचा बाजार मांडणे हा अपराध वाटतो.

डॉक्टरबाई भिंग लावून प्रथम डोके तपासतात, मूठभर केस हलकेच ओढून किती हाती येतात ते पाहतात, लोह आणि थायरॉइडचे अहवाल मागतात. शिक्षिकेला तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप येऊन गेला होता, आणि अशा तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुबलक गळतात व बहुधा सहाएक महिन्यांत आपोआप परत येतात. पण विरळपणा त्याआधीचाच आहे की काय, याची खातरजमा झाल्याखेरीज सुई लावणार नाही, असे त्यांनी सांगितले. मागून आलेल्या एका गृहस्थांचा माथा गुळगुळीत, चकचकीत झालेला होता. ते तिन्ही सिटिंगचे पैसे आगाऊ भरावयास तयार होते. बाईंनी त्यांना समोर बसवून स्वच्छ शब्दांत सांगितले, “जिथं मुळंच राहिली नाहीत, तिथं हे काही करणार नाही. तुमचे पैसे मी घेणार नाही.” गृहस्थ नाराज होऊन गेले, कदाचित कोपऱ्यावरच्या पाटीखाली त्यांना दुसरे उत्तर मिळाले असेल.

या उपचारात एकेका सिटिंगचे काही हजार रुपये होतात, महिन्याच्या अंतराने तीन सिटिंग घ्यावी लागतात, पुढे अधूनमधून पुन्हा यावे लागते, आणि गुण येतो की नाही हे समजण्यास सहा महिने जातात. एवढा दीर्घ व्यवहार ज्या विश्वासावर चालावयाचा, तो विश्वास जाहिरातीने निर्माण होत नाही. आपल्या द्रवातील रक्तपट्टिका मोजल्या का, आणि तो आकडा लेखी मिळेल का, हे विचारण्याचा हक्क खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येकाला आहे, आणि ज्या दवाखान्यात या प्रश्नाचा राग येत नाही तो दवाखाना चांगला. त्याहूनही खरी कसोटी अशी की तेथे कोणाला नकार दिला जातो की नाही. ज्या डॉक्टरला ‘नाही’ म्हणता येते, त्याच्याच हातची सुई टोचून घ्यावी.