एका खटक्यात ४० कोटी

हेडफोनची पिन फोनमध्ये खुपसा. खट्! झालं? छे, आता कुठे सुरुवात! पिन शिरताना आतल्या धातूच्या पट्ट्या थरथरतात: लागलं, सुटलं, लागलं, सुटलं. म्हणून चिपनं इशारा दिला, तरी अँड्रॉइडच्या पोटातला लिनक्स त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. अनेक ड्रायव्हरांत हुकूमच असतो: २०० मिलिसेकंद थांब, मग बघ.

सेकंदाचा पाचवा हिस्सा. पापणी लवली की संपला. पण दोन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचा एकेक कोअर तेवढ्यात किती ठोके मारू शकतो? ४० कोटी!

ठोक्यागणिक एक मिलिमीटर सरका. सीएसएमटीहून रुळारुळानं पुणे १९२ किलोमीटर. पोहोचलात, परतलात, पुन्हा सीएसएमटी, आणि अजून १६ किलोमीटर शिल्लक! परत कुर्ल्यापर्यंत चाला, तेव्हा हिशेब मिटेल. ठोक्याला एक पैसा टाका, ४० लाख रुपये जमले. ठोक्याला पाण्याचा एक थेंब सोडा, मिलिलिटरला वीस धरून: २०,००० लिटर! पाच मीटर रुंद विहिरीत मीटरभर पाणी.

आणि एवढं थांबून लिनक्स जी चिठ्ठी धाडतो, ती ६४-बिट यंत्रावर अवघी २४ बाइटची. म्हणजे १९२ बिट. पुन्हा १९२! (मी ठरवून केलेलं नाही हो.) बिटाला किलोमीटर धरा. नुसता वेळेचा शिक्काच १२८ बिट, थेट लोणावळा! पुढे खात्याचा क्रमांक, खटक्याचा क्रमांक. आणि खरी बातमी? १ म्हणजे पिन आत, ० म्हणजे बाहेर. एक बिट. एक किलोमीटर. मशीद बंदरसुद्धा येत नाही!

मग अँड्रॉइड ॲपांना हाळी देतं. पिन निसटली तर वेगळी हाळी, नावच ‘ऑडिओ बिकमिंग नॉइझी’. ती ऐकून ॲप गाणं थांबवतं, म्हणून भरल्या लोकलमध्ये आपली अब्रू वाचते.

आता श्वास धरा. एक ठोका म्हणजे एक सेकंद समजा. ४० कोटी सेकंद! बारा वर्षं आणि वर सुमारे आठ महिने. मुलीच्या बारशाला पिन खुपसली. ती रांगली, चालली, शाळेत गेली, पाढे पाठ केले, दुधाचे दात पडले, सातवीच्या बाकावर बसली, आणि तेव्हा कुठे लिनक्सनं डोकं वर करून सांगितलं: हो, बसली पिन!