घारापुरीची न दिसणारी मुखे

घारापुरीच्या मुख्य लेण्यात, दक्षिणेकडील भिंतीच्या खोल कोनाड्यात, डोळे अंधाराला सरावल्यावर हळूहळू प्रकट होणारी ती सुमारे 18 फूट उंचीची शिल्पाकृती ‘त्रिमूर्ती’ या नावाने इतकी रूढ झाली आहे, की ब्रह्मा, विष्णू, महेश हा अर्थ बहुतेक प्रेक्षक गृहीतच धरतात. वस्तुतः, अभ्यासकांच्या मते, हा एकटा सदाशिव, म्हणजे पाच मुखांचा शिव, असून आपल्या डावीकडील मुख उग्र अघोराचे, मधले प्रशांत तत्पुरुषाचे आणि उजवीकडील वामदेवाचे, अर्थात उमेचे, होय.

हा खुलासा ऐकूनही माणसे आपापला अर्थ सोडीत नाहीत, आणि मला त्यात काही गैरवाजवी वाटत नाही. माझ्या एका स्नेह्यांना अघोराच्या मिशीत व हातातील नागात आपल्या करड्या वडिलांचा भास झाला. त्यांच्या पत्नी मात्र उमेच्या हातातील कमळापुढून हलेचनात. मला स्वतःला (हा माझा हट्ट समजा) ओढ आहे ती पाषाणात दडलेल्या, कोरलेच न गेलेल्या चौथ्या व पाचव्या मुखांची.

जाणार असाल तर सोमवार टाळावा. त्या दिवशी लेणी बंद असतात.