मोडून पाहण्याचे पूल

शालेय विज्ञान प्रदर्शनांत पुलाची प्रतिकृती नाही, असे सहसा होत नाही. धाराशिव जिल्हाही याला अपवाद नाही. निळ्या रंगाची नदी, कठड्यांवर चिमुकले दिवे आणि शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी! परीक्षक क्षणभर थांबतात, नीटनेटकेपणाला गुण देतात आणि पुढे जातात. हा पूल भार किती पेलतो, हे मात्र कोणी विचारीत नाही.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास खर्च जवळजवळ नाहीच. दोन पुस्तकांवर आडवा टाकलेला वहीचा कागद एका नाण्याने वाकतो. त्यालाच पंख्यासारख्या चुण्या घातल्या, की तो नाण्यांची थप्पी पेलतो. कागद वाढला नाही, पैसा वाढला नाही, केवळ रचना बदलली. साधनांच्या काटकसरीचे याहून चांगले उदाहरण अर्थशास्त्राच्या अध्यापकाला तरी मिळणे कठीण! काड्यांचा चौकोन कोपऱ्यात रेटला की कलतो, कर्ण बसवला की ताठ राहतो. रेल्वेच्या लोखंडी पुलांतील त्रिकोण शोभेचे नव्हेत, हे मग बोटांनाच कळते. आइस्क्रीमच्या काड्या विकतच आणाव्यात असेही नाही. ज्वारीची धाटे बाभळीच्या काट्यांनी जोडून बैलगाड्या करणारी मुले मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. त्याच धाटांचा पूल का होऊ नये? त्याला बादली टांगावी, मापाने पाणी ओतीत जावे आणि पूल मोडताच थांबावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो भार.

परंतु आपल्या पुलांना ओझ्याइतकेच, किंबहुना अधिक, भय पाण्याचे आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या वाहून गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने परंडा तालुक्यातील गावांना वेढा घातला. परातीत वाळू पसरून तीत खुंटी उभी करावी व एका बाजूने पाण्याची धार सोडावी. खुंटी शाबूत राहते, पायाजवळची वाळू मात्र उकरली जाते. हे एकदा पाहिलेल्या मुलाला पुलाचा पाया खोल का न्यावा लागतो, हे सांगावे लागत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेल्या बंधाऱ्याला 'नर' आणि 'मादी' असे दोन सांडवे आहेत. पुराला अडविण्याबरोबर वाटही द्यावी लागते, हे तेथील कारागिरांनी जाणले होते. शाळांच्या सहली पाणीमहाल पाहून परततात. सांडव्यांचे हे प्रयोजन तेथे कितीजण सांगतात?

तेव्हा परीक्षकांनी गुणदानाची रीतच बदलावी. पेललेल्या भाराला पुलाच्या स्वतःच्या वजनाने भागावे. ज्याचे गुणोत्तर मोठे, तो पहिला. निम्मे गुण मात्र वहीला राखावेत: पूल कोठे मोडला, का मोडला आणि दुसऱ्या खेपेस काय बदलले. प्रदर्शन संपेतो टेबलावर ठेवण्यास काही उरणार नाही, अशी आयोजकांची तक्रार येईल. मोडलेले तुकडेच ठेवावेत, शेजारी ती वही उघडून.