नाव असलेले प्यादे : ‘व्हाल्किरिया क्रॉनिकल्स’मधील युद्धकथन

बुद्धिबळाच्या पटावरील प्याद्याला नाव नसते. ते मारले गेले तर खेळणाऱ्यास वाटणारी हळहळ ही गमावलेल्या बळाची असते. पुढचा डाव मांडला की सर्व प्यादी पुन्हा आपापल्या घरात उभी असतात. चतुरंगापासून चालत आलेला हा संकेत जपानमधील डावपेचप्रधान व्हिडिओ गेमांनी मोडला. १९९० साली निघालेल्या ‘फायर एम्ब्लेम’मध्ये खेळणाऱ्याच्या बाजूच्या सैनिकांना नावे आणि चेहरे मिळाले, आणि एकदा पडलेला सैनिक सहसा पुढील लढायांतून कायमचा वजा होऊ लागला. याच परंपरेतील ‘व्हाल्किरिया क्रॉनिकल्स’ ही सेगा कंपनीची २००८ सालची कृती कथनमीमांसेच्या अभ्यासकास विशेष विचारार्ह वाटावी अशी आहे. कारण तीत मृत्यूच्या दोन तऱ्हा शेजारी-शेजारी मांडल्या आहेत.

कथेचे स्थळ एक काल्पनिक युरोप, आणि काळ त्या जगाच्या गणनेनुसार १९३५ हा. पूर्वेचे साम्राज्य व पश्चिमेचे संघराज्य यांच्या युद्धात गॅलिया हे लहानसे तटस्थ राष्ट्र सापडते. रॅग्नाइट नावाच्या खनिजासाठी साम्राज्य त्यावर चालून येते. रणगाडे, खंदक, श्रमछावण्या आणि डार्क्सन या जमातीचा छळ यांवरून दुसऱ्या महायुद्धाची छाया स्पष्ट दिसते. ही सारी कथा एका ग्रंथाच्या रूपाने समोर येते. खेळणारा पाने उलटतो, प्रकरणे उघडतो. चित्रेही पेन्सिलीने व जलरंगांनी काढल्यासारखी दिसतात. घडून गेलेला इतिहास आपण वाचीत आहोत, अशी निवेदनाची भूमिका आहे.

लढाईचे प्रकरण उघडले की मात्र वाचकाचा सेनानी होतो. प्रत्येक फेरीत देता येणाऱ्या आज्ञा मोजक्या असतात. नकाशावर सैनिक निवडावयाचा आणि मग त्याच्या पाठोपाठ राहून त्याला रणांगणातून न्यावयाचे. तो चालत असतानाही शत्रूचा गोळीबार थांबत नाही. सैनिकांना स्वभावही आहेत. कोणास परागकण सोसत नाहीत, कोणाचा एखाद्या सोबत्यावर जीव आहे, कोणी डार्क्सनांचा द्वेष करतो. या साऱ्याचा परिणाम त्यांच्या लढण्यावर होतो. एखादा पडला, तर तीन फेऱ्यांच्या आत सोबत्याने त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. मुदत टळली किंवा शत्रू आधी पोहोचला, तर तो कायमचा गेला. परंतु त्याला सोडविण्यात आज्ञा खर्ची पडतात, आणि विजयाची श्रेणी मुख्यतः किती कमी फेऱ्या लागल्या यावर ठरते. युद्धातील नैतिक पेच असा खेळाच्या नियमांतूनच उभा राहतो.

इसाराचा मृत्यू याहून वेगळा आहे. रणगाडा चालविणारी ही डार्क्सन तरुणी कथेच्या मध्याच्या सुमारास गोळी लागून मरते. खेळणारा कितीही निपुण असला तरी त्याला ते टाळता येत नाही; कारण ते ग्रंथात लिहिलेले आहे. उलट, त्याच्या निर्णयामुळे मेलेल्या दुय्यम सैनिकाची कथा दखल घेत नाही. पुढील प्रकरण त्याच्यावाचून ठरल्याप्रमाणे सुरू होते. ज्या मृत्यूचे दायित्व खेळणाऱ्याकडे येते, त्याची आठवणही त्यालाच एकट्याने वागवावी लागते.

ही विसंगती रचनेतील उणीव मानता येईल. तथापि कथेचा गाभा पाहता तिला वेगळा अर्थ येतो. प्राचीन काळी झालेल्या महासंहाराचा दोष ज्या डार्क्सनांच्या माथी आला, तो त्यांचा नव्हताच. संहार करणाऱ्या व्हाल्किरियांनी जेते म्हणून तसा इतिहास रूढ केला, असे पुढे उघड होते. लिखित इतिहास काय गाळतो हे सांगणारा ग्रंथ स्वतःही काही नावे गाळतो, आणि ती गाळलेली नावे वाचकास ठाऊक असतात.

या अनुभवास मर्यादा आहेत. प्रमुख पात्रांना असे मरण नाही. शिवाय जपून ठेवलेला जुना डाव पुन्हा उघडून खेळणारा झालेला मृत्यू पुसूनही टाकू शकतो. पण तसे करणे हीसुद्धा निवडच होय. नॉर्स पुराणकथांत व्हाल्किरी म्हणजे रणात पडणाऱ्यांची निवड करणारी. येथे ते काम खेळणाऱ्याकडे येते. वाचकाच्या सहभागाचा विचार करणाऱ्या समीक्षेने या प्रकाराकडे केवळ करमणूक म्हणून पाहू नये. वाचकाला अर्थनिर्णयाचा अधिकार आपण पूर्वीच दिला आहे. त्या अधिकाराबरोबर दायित्वही आले तर वाचनाचे स्वरूप कसे बदलते, हे तपासण्याची सोय येथे झाली आहे.