मँगनीज की मॅग्नेशियम? बालाघाटला विचारा!

बालाघाट म्हटलं की मराठवाड्यातल्या वाचकाला आपली डोंगररांग आठवते. हा बालाघाट वेगळा: गोंदियाला खेटून असलेला, मध्य प्रदेशातला जिल्हा. 1 नोव्हेंबर 1956ला राज्यांची फेररचना होईपर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती, आणि लांजी-वारासिवनीकडे मराठी, पोवारी आजही कानावर पडते. इंग्रजीतल्या गोंधळात पाडणाऱ्या शब्दांच्या जोड्या इथे पुस्तक न उघडता सुटतात.

पहिला मान मँगनीजचा. विज्ञानाच्या पेपरात त्याच्या जागी मॅग्नेशियम हमखास घुसतं, कारण दोन्ही नावं ग्रीसमधल्या मॅग्नेशिया या एकाच प्रदेशाकडे जातात. धातू मात्र अगदी वेगळे. मँगनीजचा अणुक्रमांक 25. जड, ठिसूळ, पण पोलादाला कणखरपणा देणारा. मॅग्नेशियमचा 12, वजनाला हलका आणि पेटला की डोळे दिपवणारा पांढरा उजेड देणारा. बालाघाट शहराजवळच्या भरवेलीत, मॉइल कंपनीच्या भूमिगत खाणीत कामगार उतरतात ते मँगनीजसाठी. मॅग्नेशियम पाहायला तर कुठे उतरायलाही नको. खाणीबाहेरच्या सागाच्या पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत मधोमध तेच बसलेलं असतं!

खाणीतच आहोत तर आणखी एक. उभी खोल विहीर ती शाफ्ट. डोंगराच्या कुशीत आडवी शिरणारी, एकाच बाजूला तोंड असलेली वाट ती ॲडिट. दोन्हीकडे तोंड उघडलं तर टनेल. आणि मलाजखंडचं तांबं 1982 पासून काढलं गेलं ते आकाशाखाली, ओपनकास्ट पद्धतीने.

आता कान्हा राष्ट्रीय उद्यानाकडे. त्याचं मुक्की प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यात येतं. आपण सगळ्यांनाच शिंगं म्हणतो. इंग्रजी मात्र ॲन्टलर आणि हॉर्न वेगळे ठेवते. बारशिंग्याचं ॲन्टलर म्हणजे निव्वळ हाड. ते दरवर्षी गळतं आणि मखमली कातडीखाली पुन्हा वाढतं. हॉर्नच्या आत हाड, वर नखासारखं कवच, आणि ते सहसा जन्मभर टिकतं. ते गव्याला असतं, चौशिंग्याला असतं. म्हणूनच चितळ, सांबर, बारशिंगा हे डिअर, तर चौशिंगा अँटिलोप. गव्याला ‘इंडियन बायसन’ म्हणायची सवय जुनी आहे, पण खरे बायसन अमेरिकेत आणि युरोपात. आपला तो गौर.

बारशिंग्याचं इंग्रजी नाव स्वॉम्प डिअर, म्हणजे दलदलीतलं हरीण. इंग्रजीत झाडं असलेली दलदल स्वॉम्प आणि गवताची मार्श. कान्हातला बारशिंगा मात्र कडक जमिनीवर, कुरणात राहणारा! 1970मध्ये तो अवघ्या 66वर आला होता. तिथून त्याला सावरणं ही आपल्या वनखात्याची फार मोठी कमाई आहे, असं मी मानतो.

रेल्वेची जोडी चुटकीसरशी. मीटरगेज म्हणजे रुळांमध्ये बरोबर एक मीटर अंतर; नॅरोगेज त्याहून अरुंद. गोंदिया-बालाघाट-जबलपूर ही जुनी छोटी लाइन 762 मिलिमीटरची, म्हणजे नॅरोगेज. आता तिथे 1,676 मिलिमीटरचं ब्रॉडगेज आहे.

शेवटची जोडी पाण्यातली. ट्रिब्युटरी मोठ्या नदीला येऊन मिळते, डिस्ट्रिब्युटरी तिच्यातून फुटून निघते. बाघ वैनगंगेला मिळते, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीत जाते. इथवर सगळ्या ट्रिब्युटरी. पुढे आंध्रात गोदावरीचे गौतमी, वसिष्ठा असे फाटे फुटतात, त्या डिस्ट्रिब्युटरी.

शिक्षकांना एक विनंती: या जोड्या फळ्यावर लिहिण्याआधी भरवेलीकडचा मँगनीजचा एक काळा खडा मुलांच्या हातात द्या. त्याचं वजन तळव्याला जाणवलं, की पेपरात त्याच्या जागी मॅग्नेशियम लिहिलं जाणार नाही.